वासे मोजणारा

त्सियालाबाईंनी पुढे केलेल्या बशीत
कोवळ्या अक्रोडांचा मुरंबा होता, काळाभोर.
मी तो खाल्ला
आणि मग त्यांच्याच घरचे वासे मोजले.
एकोणचाळीस. सात किडलेले.
नोकरीच तशी आहे माझी.

त्बिलिसीच्या जुन्या चढावर घर क्रमांक चौदा.
अंगणात तुती, सगळ्यांत मिळून एक नळ,
आणि वर, अंगणाला कवेत घेऊन, लाकडी सज्जा.
त्याच्या कठड्याची नक्षी
आमच्या नोंदवहीत ‘प्रथम श्रेणी’ आहे.
प्रथम श्रेणीला आता लोखंडी टेकू दिलेत.
प्रथम श्रेणीवर बाईंचे मोजे वाळतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी खिडकीला
प्लास्टिकची चौकट बसवली,
म्हणून नोटीस काढली ती मीच.
त्यांनी ती उतरवली, मूळची परत लावली,
मूळच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले.
‘तुमच्या इतिहासातून फार वारा येतो हो,’
एवढंच म्हणाल्या, आणि चहा ओतला.

आता मागच्या मोकळ्या जागेसाठी अर्ज आहे:
पाच मजले, बत्तीस घरं.
नियम सांगतो, गल्लीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर
सज्ज्याच्या छपरावर नवं काही दिसता कामा नये,
माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून.
कुठल्या माणसाच्या, ते लिहिलेलं नाही.
मी एक मीटर चौऱ्याहत्तर.
थोडा वाकलो
तर आणखी एक मजला बसतो.

सुनावणीत एक प्राध्यापक सज्ज्यांवर पाऊण तास बोलले
आणि खोटं कशाला सांगू, माझा गळा दाटला.
हा गेला की असा पुन्हा होणे नाही.
सुतार गेला, त्याची पटाशी कुठल्या भंगारात गेली,
आणि त्या वळणाचं गणित
कुणी कागदावर उतरवलंच नव्हतं.

मग एतेर गोगोखिया उठली.
सुखुमीहून निघाली तेव्हा तिशीची होती.
तेव्हापासून बंद पडलेल्या आरोग्यधामाच्या
दुसऱ्या मजल्यावर राहते, खोलीच्या दारावर अजून
‘दंतविभाग’ अशी पाटी आहे.
कधीकधी म्हातारे लोक गाल धरून येतात, म्हणाली.
सभागृह हसलं. ती नाही हसली.
‘पन्नास वर्षं झाली की वस्तू जुनी धरता ना?
मला अठरा कमी पडतात.’

आणि त्सियालाबाई?
त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलल्या.
की मुलगा सहा वर्षं सासऱ्याच्या घरी झोपतो,
की या वयात न्हाणीघरासाठी जिना उतरवत नाही,
की बांधा, खुशाल बांधा;
पण तुतीला कुणी कुऱ्हाड लावली
तर आधी माझ्याशी गाठ आहे.
कोणत्या बाजूला लिहू हे,
कारकुनाने माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी एकटाच गल्लीच्या तोंडाशी गेलो.
फुटपाथवर माझीच जुनी खडूची फुली.
तिच्यावर उभा राहिलो, ताठ.
सज्ज्यामागे आभाळ होतं, रिकामं, जांभळट,
कुणाचंही नाव न लागलेलं.
बुटाची नाडी सुटली होती.
ती बांधायला खाली वाकलो,
आणि जरा जास्तच वेळ वाकलेला राहिलो.

अहवालात लिहिलं: चार मजले. घरं पंचवीस.
सज्ज्याची डागडुजी बांधणाऱ्याच्या खर्चाने.
तुती कायम.
खिडकीबाबतची नोटीस मागे.

सात घरं कमी झाली.
किडक्या वाशांइतकीच, हे नंतर लक्षात आलं.
कुठली सात, ते सोडतीत ठरेल.
ते खातं माझ्याकडे नाही.

टेबलावर मुरंब्याची बरणी आहे,
निघताना बाईंनी पिशवीत घातलेली.
ठेवून घेणं नियमात बसत नाही.
परत करायला जावं
तर बशी पुन्हा पुढे येणार,
आणि वर पाहिलं की वासे.